माझा अर्धा ओटा आणि परदेशातले कल्ले

थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकताना कमरेत कळ आली, तरी वाकले, हे लक्षात ठेवा.)

म्हणजे मी परदेशात लेकीकडे आले, माझी पाठ वळायचा अवकाश, की तुमच्या टोपल्या माझ्या अर्ध्या ओट्यावर! समोरच्या भाजीवालीने मासळी बाजाराचा फोटो पाठवला, तो मी जावयांच्या फोनवर माझ्या डोळ्यांनी पाहिला. एक नाही, तीन टोपल्या. आणि माझा बसायचा पाट उभा करून भिंतीला टेकवलेला, जसं काही माणूस वारलंय. फोन केला तर तुम्हाला ऐकू येत नाही. (मागच्या गल्लीत कोणी तुमच्याबद्दल कुजबुजलं की बरोबर ऐकू येतं.) म्हणून हे पत्र. तिसरीत शाळा सुटली, अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण तुमची सून वाचून दाखवील. तिला म्हणावं, कंसातलंसुद्धा वाच. बाकी तुमचे गुडघे कसे आहेत, भाऊजींचा खोकला कसा आहे? माझी तब्येत उत्तम. म्हणजे रविवारपर्यंत होती.

रविवारी जावई म्हणाले, सासूबाई, मासळी विकण्यात जन्म गेला, आज बसून खा. समुद्रावरच्या हॉटेलात नेलं. बसल्या बसल्या माझ्या गळ्यात फडकं बांधलं, लाळ गाळणाऱ्या बाळाला बांधतात तसं. मग शिंपल्या आल्या, बर्फावर, कच्च्या. मला वाटलं चूल पेटायची असेल, थांबू. तर मुलगी म्हणते, आई, अशाच गिळायच्या. गिळली एक. (दुसऱ्याची सर्दी गिळल्यासारखं वाटलं, जास्त विचारू नका.) खेकड्याबरोबर हातोडी दिली. जेवायचं की सुतारकाम करायचं? मी सरळ दातांनी नांगी फोडली, तर शेजारच्या टेबलावरची बाई मोबाईल काढून शूटिंग करायला लागली. मग मोठा मासा आला, आणि वाढणारा माणूस हात बांधून त्याचं कूळ सांगत बसला. कुठल्या पाण्यातला, कोणी धरला, स्वभावाने कसा. मुलीचं स्थळ आणलं होतं जणू. मीठ मात्र कोणी घातलं नव्हतं.

दारापाशी बर्फावर मासळी मांडली होती, आपण पसंत करायची आणि ते शिजवणार. आता मासळी समोर दिसल्यावर माझा हात कसला गप्प बसतोय? एकाचा कल्ला उचलला. कुंकवासारखा लाल! पण डोळा खोल गेलेला, पोट मऊ. मी अंगठ्याला थुंकी लावली आणि कल्ल्यावर चोळला. अंगठा लाल. शिळ्या मासळीच्या कल्ल्याला रंग फासलेला! जाऊबाई, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या पांढऱ्याशुभ्र चादरी, एवढी कूळकथा, आणि गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत धूळ? लाज नाही, शरम नाही? अंगठा वर करून मी आपल्या भाषेतच हॉटेल डोक्यावर घेतलं. जावई खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. (बुटाला नाडी नव्हती.)

आतून मालकीण आली. माझ्याच वयाची, माझ्याच अंगाची, आवाजही तसलाच. ती तिच्या भाषेत, मी माझ्या, दोघींचे हात कमरेवर. दहा मिनिटं भांडलो, एक शब्द कळायचा राहिला नाही. मग तिची नजर माझ्या तळहाताकडे गेली, विळीच्या घावांकडे. तिने आपला तळहात पुढे केला. तेच घाव, त्याच जागी. तिने तो मासा बादलीत टाकला, मला हाताला धरून आत नेलं आणि पुढ्यात सुरी ठेवली. तिने एक मासा साफ केला, मी एक केला. माझा आधी झाला. मुलीला मध्ये घालून तिने विचारलं, आजवर कोणाला कळलं नाही, तुम्ही कसं ओळखलं? मी म्हटलं, अनुभव.

असो. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. परदेशातली मासळी एकदम भिकार, माझा जीव आपल्या बाजारातच रमतो.

तुमची धाकटी जाऊ

ता. क. – मुलीला सातवा लागलाय. बाळंतपण होईपर्यंत राहा म्हणून मागे लागली आहे. तोंडाने म्हणत नाही, पण घाबरली आहे. मलाही तिला टाकून निघवत नाही. पण आपल्या बाजाराचा नियम तुम्हाला पाठ आहे, तीन महिने ज्याचा पाट रिकामा, त्याचा ओटा गेला. माझे तीन महिने वीस तारखेला भरतात. तेव्हा रोज सकाळी माझा पाट आडवा टाकून त्यावर माझ्या नावाने एक टोपली ठेवा. विकलंत तर तुमचं. सगळ्यांना ऐकू जाईल असं एकदा माझं नाव मात्र घ्या.

आणखी ता. क. – सुनेला जरा बाहेर पाठवा आणि पुढचं स्वतः अक्षर लावून वाचा. आपण कल्ल्यांना लावतो तो रंग पाण्याने सुटतो, म्हणून तर दोनदा पकडले जाता जाता वाचलो. मालकिणीचा सुटत नाही, थुंकीनेच काय तो सुटतो. कशाचा करते ते तिने मला दाखवलं. (मी आता रोज सकाळी तिच्याकडे जाते. तिथली कोळंबी बरी असते.) ते रंगाचं गुपित हवं असेल तर पाट आडवा, वर टोपली, असा फोटो पंधरा तारखेच्या आत भाजीवालीकडून पाठवा. तुमच्या शब्दावर विसंबायची नाही. पंधरा म्हणजे पंधरा.