गच्चीतली टोपणं

१२ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. हात सवयीने लिहून गेला, आता खोडत नाही. शाळेत सिस्टर सांगायच्या, रागात पत्र लिहू नये. लिहिलंच तर अक्षर तरी नीट काढावं. तेवढं पाळते आहे.

हॉस्पिटलमध्ये पाठवलेली फळं पोचली. नर्सबाईंनी आवडीने खाल्ली. यांनी हात लावला नाही. यांच्या तब्येतीचं नंतर लिहिते.

शाळा सुटली की आपण परस्पर बाबांच्या वर्कशॉपमध्ये जायचो, आठवतं? गणवेश मळेल म्हणून मी दारात उभी. तू मात्र ऑक्सिजनच्या सिलिंडरला मिठी मारून व्हॉल्व्हवरचं लोखंडी टोपण फिरवायचास, जीभ बाहेर काढून. बाबा म्हणायचे, “उभा असला तर साखळीत, हलवायचा तर टोपणात. व्हॉल्व्ह म्हणजे त्याची मान, बाळा. ती मोडली तर तो कुणाचं ऐकत नाही.” किती गोड दिसायचास! आता त्या आठवणीचाही राग येतो.

वर्कशॉप आता तुझ्या हातात, म्हणून अपघाताच्या चौकशीला आलेल्या साहेबांना तू सांगितलंस, “भाऊजींचं वय झालं, टोपण लावायला विसरले.” बाबांच्या हाताखाली वेल्डिंग शिकलेला माणूस विसरला? हे तर पाठमोरे काम करत होते. सिलिंडर हलवताना तुझ्या हमालाच्या हातून निसटला. टोपण नसलेला व्हॉल्व्ह ऐरणीवर आपटून तुटला आणि ते धूड यांना धडकून भिंतीत घुसलं.

रविवारी तुझ्याकडे गेले होते. तू नव्हतास. तुझी बायको कौतुकाने गच्चीत घेऊन गेली. “वन्सं, बघा तरी! यांनी वर्कशॉपमधून आणल्या. फुकटच्या कुंड्या, पाणी जायला भोकंसुद्धा आयती!” तारेने टांगलेली टोपणं. एकूण एक. बाबांनी दिलेला निळा रंग अजून तसाच.

“वर्कशॉपमध्ये लागत नाहीत वाटतं?” मी विचारलं.

“सारखी काढा-घाला करण्यात वेळ जातो म्हणे.” बिचारी हसत होती.

तिच्यादेखत सगळी उतरवली. रोपं फेकवेनात, खाली वाफ्यात लावून आले. त्यांना पाणी घाल.

यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढला. तू विचारलं नाहीस, म्हणून कुणी सांगितलं नसेल.

उद्या साहेब वॉर्डात यांचा जबाब घ्यायला येतील. टोपणं धुऊन खाटेखाली ठेवली आहेत, यांच्या एका चपलेशेजारी.

‘तुझी’ या वेळी लिहवत नाही.

ताई