पाणीपुरीचं निमित्त

आई, तू गेल्यावर इतक्या वर्षांनी तुझ्याशी बोलायला मला आजची दुपार मिळाली. पोर शाळेत आहे, देवपूजा झाली, महिन्याचा हिशेबही उरकला. फुलपाड्यातल्या या दोन खोल्या तू पाहिल्या नाहीस. सांडोरच्या वाडीसारखा वारा इथे नाही, पण नळाला पाणी येतं, तेवढ्यावर मी समाधानी आहे.

तुझं शेवटचं आजारपण डोळ्यांपुढून जात नाही. पोट फुगलेलं, डोळे पिवळे, आणि ओटीवर शेजारची काकी तुझे हात चुन्याच्या पाण्यात धुतेय. पाणी पिवळं होतं तशी ती म्हणते, "बघ, उतरली कावीळ." तू हसतेस, "एवढी हळद तर माझ्या लग्नातसुद्धा नव्हती गं." सगळ्या बायका हसतात. मग तू हळूच माझ्याकडे भाजलेल्या बोंबलाचा तुकडा मागितलास, आणि मी त्या सगळ्यांदेखत म्हणाले, "जिभेपायी जीव घालवशील. पथ्य मोडमोडूनच ही पाळी आणलीस." तू मान खाली घातलीस. त्यानंतर तू माझ्याकडे काहीच मागितलं नाहीस.

पुढे मी पोटुशी असताना रक्त तपासलं, त्यात हिपॅटायटीस बी निघाला. बाळाला होऊ नये म्हणून जे जे सांगितलं ते सगळं केलं. यांनी मुंबईहून बर्फात ठेवून वेगळं इंजेक्शन आणलं, लस जन्मल्या दिवशीच दिली, पुढच्या डोसांची एक तारीख मी चुकू दिली नाही. देवापुढे तर रोजच बसत होते. वर्षाने तिचं रक्त तपासलं, तर तिच्यातही तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं काही चुकलेलं नाही. आईच्या रक्तात विषाणू फार असले की सगळं वेळेवर देऊनही थोड्या बाळांना होतो. हा खाण्यापिण्यातून येत नाही. तुम्हालाही बहुतेक तुमच्या आईकडून जन्मतानाच आला असेल." दवाखान्याच्या बाकावर मला वर बघवेना. तुला बोललेला शब्द न् शब्द आठवत होता.

घरी सासूबाई एवढंच म्हणाल्या, "असले रक्ताचे रोग चांगल्या घरातल्या बायकांना होत नाहीत." तेव्हापासून मी कुणाला काही सांगितलं नाही.

पोर आता नऊ वर्षांची आहे. धावते, भांडते, दिसायला काही नाही. फक्त दर सहा महिन्यांनी रक्त द्यायला न्यावं लागतं. गेल्या खेपेला भरलेल्या रिक्षात तिने मोठ्याने विचारलं, "आई, मलाच का गं? मी काय केलं होतं?" शेजारी आमच्याच बिल्डिंगमधली बाई बसलेली. मी पटकन म्हणाले, "लहानपणी रस्त्यावरची पाणीपुरी खाल्लीस ना, म्हणून." ती बाई म्हणाली, "या पोरी ऐकतात कुठे!" आणि मी तिच्याबरोबर हसले, आई.

गेल्या आठवड्यात पोरीच्या मैत्रिणी खाली गाडीवर पाणीपुरी खात होत्या. ही लांब उभी. मी गॅलरीतून ऐकलं, "तुम्ही खा. मी एकदा चूक केलीय."

आज सकाळी वेणी घालताना सांगितलं. "तू काही खाल्लं नव्हतंस. ते तुझ्यात माझ्याकडून आलं, जन्मताना." ती आरशात माझ्याकडे बघत राहिली.

"मग मी पाणीपुरी खाऊ?"

"खा."

"पण तू खोटं का सांगितलंस?"

"लाज वाटली."

"माझी?"

"नाही गं. माझी."

मग तिने विचारलं, "आणि तुला कुणी दिलं?" मी लगेच म्हणाले, "तुझ्या आजीने." तिने रिबीन माझ्या हातातून घेतली, स्वतःच बांधली आणि शाळेत गेली.

हे लिहिलेलं तुला पाठवायचं तरी कुठे? घडी घालीन, कुठेतरी ठेवीन. पण एक सांगायचं राहिलंय. तुझं रक्त कधी कुणी तपासलंच नव्हतं. डॉक्टरीणबाई 'बहुतेक' म्हणाल्या होत्या, तो शब्द मी पोरीला सांगताना गाळला. आणि तुझं नाव तोंडातून गेलं तेव्हा, क्षणभर का होईना, मला बरं वाटलं.