नऊ नंबरचा रकाना

३ फेब्रुवारी, सोमवार
मुदखेडहून निघताना आईनं इतके धपाटे बांधून दिले, की उदगीरला चूलच पेटत न्हाई असं वाटावं. पोचले एकदाची. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचं हे सेवाकेंद्र. आठ खाटा भरलेल्या, नववी रिकामी. शिवकांता अक्का थोरल्या सिस्टर, तेरा वर्षं इथंच आहेत. चार नंबरच्या केवळाबाईनं आल्या आल्या माझं लग्न जमवायला घेतलं. मी म्हणलं, आधी नोकरी तर टिकू द्या. लई हसली. बाई मला आवडली.

४ फेब्रुवारी
अक्कांनी इथली पद्धत सांगितली. डॉक्टर सोमेश सर लातूरला असतात, फक्त गुरुवारी येतात. एरवी रोज अकराला तक्ता भरायचा, खाटेपुढं बीपी, धाप, सूज लिहायची अन् फोटो सरांना पाठवायचा. फोन करायचा न्हाई, सर चिडतात. त्यांच्या चिठ्ठीशिवाय पेशंट दुसरीकडं हलवायचा न्हाई. उत्तर ठरलेलं असतं, तेच चालू ठेवा.
गंमत म्हणजे अक्का नऊ नंबरचा रकानाही भरतात. रिकाम्या गादीला बीपी एकशे तीस. विचारलं तर म्हणाल्या, भरायचा म्हणजे भरायचा.

५ फेब्रुवारी
आज तक्ता माझ्याकडं होता. नऊ नंबर कोरा सोडला. खोटं लिहायला मी नर्सिंग केलं न्हाई. दुपारी केवळाबाईचे पाय सुजले. सकाळी ठणठणीत होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार
सर आलेच न्हाईत. केवळाबाईला धाप लागलीय. तक्त्यात लाल पेननं लिहिलं. उत्तर आलं, तेच चालू ठेवा. डोकंच फिरलं माझं. नऊ आजही कोरा.

७ फेब्रुवारी
अक्का शेवटी बोलल्या. दोन वर्षांमागं नऊ नंबरला साखराबाई होती. पाय सुजले, धाप लागली, सरांना फोन लावा म्हणून हात जोडत होती. अक्कांनी भीतीपोटी तक्त्यात 'ठीक' लिहिलं. दुपारी ती गेली. तेव्हापासून तिचा रकाना कोरा राहिला, की तिचं दुखणं दुसऱ्या खाटेवर जातं. असे दोघं गेले.
हे मला पहिल्याच दिवशी सांगता येत नव्हतं? केवळाबाईवर हे मी आणलं. मी.
आज नऊमध्ये 'ठीक' लिहिलं. केवळाबाईला काही फरक न्हाई. आता खोट्यानं भागत न्हाई वाटतं.

८ फेब्रुवारी, सकाळ
रिकाम्या गादीवर बीपीचा पट्टा ठेवला अन् हवा भरली. पट्टा फुगून गोल झाला — आत दंड असल्यासारखा. दोनशे दहा. तक्त्यात लिहिलं: नऊ नंबरला धाप, सूज, ताबडतोब या. अक्कांनी तेव्हा जे लिहायला हवं होतं, तेच.
उत्तर — तेच चालू ठेवा.
फोन लावला. सर ओरडले, नऊ नंबरला पेशंटच न्हाई, चेष्टा करता का. म्हणजे दोन वर्षं त्यांनी तक्ता वाचलाच न्हाई. माझा नंबर ब्लॉक केला त्यांनी.

दुपार
केवळाबाई उठून बसली. भात मागितला. पायाची सूज उतरली. देवा, लई बरं वाटलं.
माझ्या पायात चप्पल जाईना.

९ फेब्रुवारी
आडवं होता येत न्हाई — बसून लिहिते. मला नऊवर आणलं. दुसरी खाटच न्हाई म्हणे —
केवळाबाई ओरडून राहिली, पोरीसाठी फोन लावा म्हणून. तिला काठीशिवाय उतरता येत न्हाई.
अक्का जवळच — रडताहेत. फोन त्यांच्या हातात, सरांचा नंबर काढलेला. अंगठा नुसता वर धरलाय —
म्हणलं अक्का, लावा —
म्हणतात, सर जेवायला बसले असतील, दहाच मिनिटं