किटलीच्या हॉटेलातला चहा

चिंचवड,
१२ फेब्रुवारी १९५७

प्रिय इंदुताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. रविवारी आम्ही सगळे किटली बघून आलो. हसू नकोस. तळेगावच्या अलीकडे, मुंबई रस्त्याला लागून हिंदुराव नावाच्या हॉटेलवाल्यानं दुमजली घराएवढी सिमेंटची चहाची किटली बांधली आहे. आत जिना, वर झाकणाखाली बाकडी, आणि तोटीतून डोकावलं की खालचे ट्रक दिसतात. हे तळेगावच्या सॅनिटोरियममध्ये होते तेव्हा फिरायला निघाले की तिचं बांधकाम बघत बसायचे आणि थोरल्या इंद्रायणीला पत्रात लिहायचे, "आज किटलीला मूठ बसवली." घरी आल्यावर सगळ्यांना दाखवीन, असं पोरीला कबूलही केलं होतं.

पण दिवाळीत घरी आले ते किटलीचं नावच काढीनात. तुला हे लिहिलं नव्हतं मी. डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवून सांगितलं होतं, क्षय गेला, आता चारचौघांसारखे राहा. कंपनीनंही कामावर परत घेतलं. तरी यांचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण व्हरांड्यात. इंद्रायणी जवळ आली की हे उठून दुसरीकडे जायचे. सासूबाई यांची कपबशी राखेनं घासून, उकळत्या पाण्यातून काढून निराळ्या कोनाड्यात पालथी घालायच्या. भाकरी थापतानाही माझा कान यांच्या खोकल्याकडे.

शेवटी इंद्रायणीनं हट्टच धरला. एसटीतून उतरली ती धावत वर गेली आणि तोटीत शिरून अडकून बसली! "बाबा, बाबा" म्हणून नुसता आकांत. हे खाली उभे होते, एका दमात जिना चढले. कमरेला धरून तिला मागं ओढलं तसे दोघंही फरशीवर आपटले, आणि हे हसायला लागले. मोठ्यानं, पोट धरून. ताई, पूर्वी नुसतं हसले तरी उबळ यायची. मी आणि सासूबाई जिन्यातच थबकलो, वाट बघत. उबळ आलीच नाही.

मग चहा आला. यांनी बशीत ओतला, तर घाबरलेल्या पोरीनं ती बशीच ओढून तोंडाला लावली. यांचा चेहरा उतरला. "अगं नको, उष्टं आहे माझं!" म्हणून हिसकावून घेतली. निम्मा चहा सांडला, पोर रडकुंडीला आली. तेव्हा सासूबाईंनी यांच्या हातातली बशी घेतली. म्हणाल्या, "डागदर खोटं बोलतोय व्हय रं? आन् मी तरी येडीच, रोज राख घासत बसलीया." आणि उरलेला चहा स्वतः पिऊन टाकला. पदरानं तोंड पुसून बशी यांच्यापुढं धरली. "वत. पोरीला दे." यांनी ओतला. मी तोंड फिरवून तोटीपाशी गेले. किती दिवसांनी मोकळं रडले!

परत येताना इंद्रायणी यांच्या मांडीवर झोपली. खिडकीबाहेर बघत हे हळूच म्हणाले, "रंभा बोलायला लागली असेल ना आता?" धाकट्या लेकीचं नाव घरी आल्यापासून यांनी एकदाही घेतलं नव्हतं.

म्हणून हे पत्र. यांचा रोग कळला तेव्हा रांगतही नव्हती ती; मी तिचं दूध तोडलं आणि तू तिला पदराखाली घेऊन कराडच्या गाडीत बसलीस. आता ती तुलाच आई म्हणत असणार. तू लिहिलं नाहीस तरी मला कळतं. तिला कुणाबरोबर पाठवू नकोस. तूच घेऊन ये, आणि तिचा जीव इथं रमेपर्यंत राहा. तुला ती आईच म्हणू दे. मला काय म्हणायचं ते तिचं ती ठरवील, मला घाई नाही. फक्त गाडी कोणती ते कळव. हे स्टेशनवर येतो म्हणतात, तिला कडेवर घ्यायला.

तुझीच,
शालन