फुटबॉलमधली माझी जागा

श्रूजबरी (अमेरिका), रविवार

अहो,

फोनवर तुम्ही 'बरंय' एवढंच म्हणता, म्हणून लिहितेय. आम्ही मजेत. आपल्या यतीनच्या हातचा चहासुद्धा आता घशाखाली उतरतो.

आज त्याचे मित्र आले होते. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक जागेवरचा सर्वांत थोर खेळाडू कोण, यावर दोन तास भांडले. निम्मा वेळ चेंडू फेकणाऱ्यावरच गेला. पोहे देता देता मी विचारलं, "त्याला न दिसणाऱ्या बाजूला उभा राहून जो त्याच्यासाठी धक्के खातो, त्याचं काय?"

सगळे एकदम म्हणाले, "काकू, लेफ्ट टॅकल! तो राहिलाच की."

राहणारच. छत्तीस वर्षं मी त्याच जागेवर खेळतेय, हे काही बोलले नाही.

बीपीची गोळी घेता ना? डबी फ्रीजवर, डाव्या बाजूला आहे. तुम्हाला दिसायची नाही.

तुमची,
नीला