पुढचा बंपर परत बसवू नये

मी, सदानंद भालचंद्र नेरूरकर, वय वर्षे एकसष्ट, रास अल खैमाच्या एका सिमेंट फॅक्टरीतून मेंटेनन्स इंजिनियर म्हणून निवृत्त, सध्या मुलाच्या व्हिसावर, शारजात अल मजाज येथे मुलाच्याच फ्लॅटमध्ये राहणारा, माझ्या पश्चात काय व्हावं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. कोणाचाही दबाव नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य सगळेच लिहितात, पण आमच्या घरात त्यावर वाद आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. चि. वरदने मला ज्या डोक्याच्या डॉक्टरांकडे धरून नेलं, त्यांचाच तो दाखला. त्यांना मी बंपरची हकीकत पहिल्यापासून सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि पेशंट पूर्ण भानावर आहे असं लिहून दिलं. वरदचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

हे मी मराठीत लिहितोय. वरदला वाचता येतं, लिहायचा मात्र कंटाळा. वाचण्यापुरतं बस्स आहे.

कलम १. विलेपार्ल्याचा फ्लॅट आणि बँकेत जे काही असेल ते वरद आणि सूनबाई शुभ्रा यांना समसमान. त्यात वरदचा मामा संजय याचा काडीचाही संबंध नाही. सख्खी बहीण मरणाच्या दारात होती तेव्हा ह्याला रजा मिळेना. तेराव्याला मात्र जेवायला हजर, आणि हात धुता धुता विचारतो, "भाऊजी, पार्ल्याच्या जागेचं काय ठरवलंत?" त्याला माझी काळी छत्री द्यावी. तेरा वर्षं शारजात ती एकदाही उघडलेली नाही, नवी कोरी आहे.

कलम २. माझी हत्यारं, पेटीसकट, समोरच्या फ्लॅटमधले ॲम्ब्रोज लोपीस यांचा मुलगा ऑस्कर याला. खरं तर ती ॲम्ब्रोजलाच द्यायची होती. वसईचा माणूस, हॉटेलात नोकरी, पण हात मेकॅनिकचा. पण साक्षीदाराला काही देता येत नाही असं वकील म्हणाले, आणि या कागदावर साक्षीदार म्हणून तो मला हवाच आहे. पेटीतला सतरा नंबरचा पाना ऑस्करला देऊ नये. त्याच पान्याने बंपर काढलेला आहे. तो बंपरसोबतच राहावा.

कलम ३. गाडी. १९६६ मॉडेलची पांढरी मर्सिडीज, आमच्या फॅक्टरीच्या मुदीरसाहेबांनी, म्हणजे मॅनेजरांनी, नोकरी सोडून जाताना मला स्वस्तात दिलेली. हिच्याबद्दल जे लिहितोय ते मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलं नाही. तिलाच सांगायला हवं होतं.

१९९१ साली वरद पंधरा वर्षांचा असताना तापाने फणफणला. काही केल्या उतरेना. अमावास्या होती. सुचित्राने त्याच्यावरून लिंबू उतरवलं, लाल टोकांच्या पाच टाचण्या टोचल्या, कुंकू लावलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, तिठ्यावर टाका आणि मागे वळून बघू नका. दुसऱ्या दिवशी पोराचा ताप उतरला. तेव्हापासून दर अमावास्येला लिंबू, आणि टाकायचं काम माझं.

आता शारजात तिठे कुठले? सगळे राउंडअबाउट. शिवाय रस्त्यात काही फेकलं तर पाचशे दिरहॅम दंड, म्हणजे तेव्हाचे साडेतीन हजार रुपये. वर पोलिसाने विचारलं की हबीबी, हे काय, तर अरबीत काय सांगणार होतो मी? त्या गाडीचा पुढचा बंपर आतून पन्हळीसारखा वळलेला आहे. पहिलं लिंबू मी चिंधीत गुंडाळून तिथे खोचलं. म्हटलं, रास अल खैमाच्या वाटेवर वाळूत टाकू. राहिलं. पुढच्या महिन्यात दुसरं खोचलं. मग ती सवयच झाली. घरी आलो की सुचित्रा विचारायची, टाकलंत ना? मी म्हणायचो, टाकलं. अशी नऊ वर्षं मी तिच्याशी खोटं बोललो.

आणि दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, ती त्याच गाडीत पुढे बसून खोर फक्कानच्या समुद्रावर यायची. उतरवलेलं सगळं तिच्यासमोर, हातभर अंतरावर.

सन २००० मध्ये तिला ताप आला. वरदला आला होता तसाच. डॉक्टरांना त्याचं नाव सापडलं नाही. अकराव्या दिवशी ती गेली. मधे एकदा शुद्धीवर आली, तेव्हा माझा हात धरून विचारलं, "टाकलंत ना?" मी म्हटलं, "टाकलं."

कलम ४. बंपर कसे निघाले. गेल्या वर्षी वरदला खूळ आलं. बंपर काढले की जुनी गाडी कशी सुटसुटीत दिसते म्हणे. "बाबा, टेक देम ऑफ. लुक्स सो मच क्लीनर." मी टाळत होतो, पण शेवटी एका शुक्रवारी ॲम्ब्रोज चर्चमधून आल्यावर आम्ही दोघे बसलो. मागचा सहज निघाला. पुढच्याचे बोल्ट गंजलेले. शेवटचा सुटला आणि बंपर हातात आला, तशी चिंध्यांतली लिंबं खडखडत खाली पडली. वाळून काळी ठिक्कर. ॲम्ब्रोज हसायला लागला. म्हणाला, सदाभाऊ, हे काय लुमीचं दुकान काढलंत! इथे अरबांच्या किराणा दुकानात सुकवलेली काळी लिंबं मिळतात, तीच लुमी.

त्यांत एक हिरवं होतं.

मी उचललं. साल ताजी, टाचण्या चकचकीत, कुंकू माझ्या बोटाला ओलं लागलं. सुचित्राला जाऊन तीन वर्षं होत आली होती आणि त्यानंतर आमच्या घरात कोणी लिंबू उतरवलेलं नव्हतं. ॲम्ब्रोजने क्रूसाची खूण केली. घरी येऊन कॅलेंडर बघितलं. अमावास्या होती.

पुढच्या अमावास्येला बंपर बाल्कनीत चादरीत गुंडाळलेला होता. मी चादर सोडली. आत एक होतं.

बंपर नाही तर गाडीचं पासिंग नाही, आणि पासिंग नाही तर रस्ता नाही. त्यामुळे गाडी इमारतीमागच्या वाळूत उभी राहिली, मला बरंच झालं. पण या मार्चमध्ये ओवी जन्मली आणि वरदच्या मनाने घेतलं की बंपर परत बसवायचे, लेकीला आजीच्या गाडीतून फिरवायचं. मी घाबरलो. त्याला न विचारता बंपर भंगारवाल्याला देऊन आलो.

ती माझी दुसरी चूक. जुलैच्या अमावास्येला सकाळी लिंबू ओवीच्या उशाशी निघालं. पाच टाचण्यांसकट, चार महिन्यांच्या पोरीच्या गालाजवळ. शुभ्राने माझ्याकडे बघितलं, आणि तिने काय समज करून घेतला ते मला कळलं. तेव्हापासून ओवीला माझ्या मांडीवर देत नाहीत. डॉक्टरही त्यानंतरचेच. मी त्याच दिवशी दुपारच्या उन्हात भंगारवाल्याकडे जाऊन बंपर परत आणला. पुढची सगळी लिंबं बंपरमध्येच निघाली आहेत.

शुभ्रा, देवाशपथ सांगतो, ते मी ठेवलं नव्हतं.

कलम ५. म्हणून गाडी वरदची, पण बंपरशिवाय. पुढचा बंपर या किंवा कुठल्याही गाडीला बसवू नये. विकू नये, वितळवू नये, कोणाला देऊ नये. दर अमावास्येला सकाळी उघडून बघावा. जे निघेल ते इमारतीमागे वाळूत तीन पायवाटा मिळतात तिथे टाकावं आणि मागे न बघता घरी यावं. मी तसं करतो. दार लावून घेतो आणि मोठ्याने म्हणतो, टाकलं. आता खरं बोलतो.

मी एकदा वळून बघितलं होतं. गाडीशी ती उभी होती, आणि तिच्या साडीचा काठ वाळूला टेकत नव्हता. तू बघू नकोस.

वरद, तुझी आई अजून तुमच्यावरून उतरवते आहे. टाकायला मात्र तिला जिवंत माणूस लागतं. माझ्यानंतर तूच आहेस. तुझा विश्वास नसला तरी चालेल, फक्त टाक. कधी दोन निघाली तर घाबरू नकोस. दुसरं माझं असेल.

यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली.

सदानंद भा. नेरूरकर

साक्षीदार:
१. ॲम्ब्रोज लोपीस. हिरवं लिंबू मी डोळ्यांनी पाहिलं आहे.
२. एमिली ॲम्ब्रोज लोपीस

ठिकाण: अल मजाज, शारजा
दिनांक: १५ ऑक्टोबर २००४, सर्वपित्री अमावास्येचा दुसरा दिवस

(शेवटच्या पानामागे, वेगळ्या, मोठ्या अक्षरात)

१२ नोव्हेंबर २००४. बाबा जाऊन आज एकवीस दिवस. लक्ष्मीपूजन आहे, अमावास्या. सकाळी बंपर उघडला. दोन होती. टाकली. मागे बघितलं नाही.

वरद