जिन्यावरची मीटिंग

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी धडधाकट आहे, फक्त थकले आहे. तुझा गुडघा कसा आहे? बाबा अजून पेपरवाल्याशी हुज्जत घालतात का?

तू रजेचं विचारलंस. ते सांगते, पण आधी सोमवारचं ऐक. आमच्या छापखान्यातल्या मीटिंगमध्ये मी बोलते, सगळे माना डोलावतात आणि बाहेर जिन्यावर गेले की खरं बोलतात. जिथे कुणी 'नाही' म्हणू शकत नाही, ती मीटिंग नव्हे, नुसती हजेरी. म्हणून सोमवारी मीच सगळ्यांना घेऊन जिन्यावर बसले. म्हटलं, "साहेब जास्तीचं काम घ्या म्हणतात. आज मी शेवटी बोलणार."

मग बाइंडिंगवाले काका म्हणाले, "ताई, तुम्ही बोलता तेव्हा झोप येते, पण गप्प बसलात की भीती वाटते."

सगळे हसले आणि मग तोंडं उघडली. आत्ताच रोज उशिरापर्यंत थांबावं लागतं, कागद कापायच्या यंत्रावर डुलकी लागते, एखाद्या दिवशी कुणाचा हात जाईल. यावर मी काय भाषण करणार? तशीच साहेबांकडे गेले आणि जास्तीचं काम नको म्हणून सांगितलं.

ते म्हणाले, "मग तुमची रजाही नाही. ते काम घेतलं तरच ती मिळणार, असं ठरलं होतं."

मला ते आधीच ठाऊक होतं, आई. बाबांना तूच सांग, जेवण झाल्यावर. आणि माझी गादी उन्हात घातली असशील, तर घडी करून परत माळ्यावर ठेव.

तुझीच,
धाकटी